कोपरामागचा अंगठा

तांब्या बादलीच्या कडेला लागला आणि टणकन वाजला. इतका वेळ सगळं घर गप्प होतं. त्या आवाजानं स्वयंपाकघरात माईंची लसूण सोलणारी बोटं थांबली असणार, पुढच्या खोलीत उन्मेषनं पेपर खाली घेतला असणार. सगळ्यांचे कान माझ्याकडेच होते. मी न्हाणीघरात पाटावर पाय लांब करून बसले होते. पाणी कोमट करून ठेवलं होतं. शेजारी कोरड्या फरशीवर दुपटं अंथरलं होतं आणि त्यावर पाच महिन्यांची मुक्ता उताणी पडून स्वतःच्या मुठीकडे बघत होती. तिला उचलून पायांवर घ्यायचं, एवढंच राहिलं होतं.

मी उजवा हात तिच्या मानेखाली सरकवला. तळवा वर. डावा हात बुडाखाली. आणि तिथंच थांबले.

"घेतलीस का गं?" माईंनी आतून विचारलं.

मुक्ता माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं असेल, आई खेळतेय. माझ्या कोपराच्या बाहेरच्या अंगाला काहीतरी हललं, दाराची कडी नीट न बसता नुसती टेकलेली असावी तसं, आणि छातीत धडधडायला लागलं. मी हात काढून घेतला.

"माई, जरा येता का?"

सासूबाईंना घरात सगळेच माई म्हणतात. गुडघ्यावर हात ठेवत, भिंतीचा आधार घेत त्या आल्या. त्यांना खाली बसता येत नव्हतं, नाहीतर नातीची अंघोळ त्यांनी दुसऱ्या कुणाला करूच दिली नसती. मालिशवाल्या बाई होत्या तोवर प्रश्न नव्हता. त्या गेल्या आणि सगळं उघड्यावर आलं. माईंनी कण्हत वाकून मुक्ताला उचललं आणि माझ्या पायांवर ठेवलं. एकदा पायांवर आली की मला सगळं जमायचं. तेल, डाळीचं पीठ, कानामागचं दूध पुसणं, मानेच्या वळ्यांत बोट फिरवणं. तेवढ्या वेळात मी तिची पूर्ण आई असायची. मग पुन्हा, "माई, घेता का?"

त्या दिवशी माईंनी तिला टॉवेलात गुंडाळलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "रोहिणीला फोन केलाय मी. रविवारी येतीय."

"वन्सं येतायत? सहज?"

"सहज कसली. घेऊन जाईल म्हणते मुक्ताला. राहील फलटणला दोन-चार महिने. तिची दोन्ही मोठी झालीत, घरात माणसं आहेत. तुझंही जरा मन ताळ्यावर येईल."

"आणि दूध?"

"वरच्या दुधावर वाढतात की पोरं. उन्मेष वाढला नाही?"

मी पाटावर तशीच बसून राहिले. पायांवरचं पाणी गार होत गेलं. दारात उन्मेष येऊन उभा राहिला होता. तासगावच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तो सुपरवायझर होता, त्याच्या अंगाला कायम एक गोडसर, धुरकट वास असायचा. त्या वासानं मला बरं वाटायचं. त्या दिवशी वाटलं नाही.

"तुला पण हेच वाटतं?" मी विचारलं.

"मला काय वाटायचंय, केतकी. ती रडत पडते आणि तू पलंगाच्या कडेला बसून नुसती तिच्याकडे बघतेस. मी डोळ्यांनी बघितलंय. मी काय समजू?"

त्यानं बघितलं होतं ते खरंच होतं. मुक्ता महिन्याची असताना एकदा मी तिला दुपट्यावरून उचलत होते आणि माझं कोपर निसटलं. दुसरा शब्द मला सापडत नाही. दुखलं नाही फार. हात तिथं असून नसल्यासारखा झाला आणि मुक्ता माझ्या दंडावरून घसरत मांडीत आली. तिला काहीही झालं नाही, जागीसुद्धा झाली नाही. पण त्यानंतर ती रडली की मी तिच्याजवळ जाऊन बसायची, गाणं म्हणायची, डाव्या हातानं थोपटायची आणि कुणीतरी यायची वाट बघायची. डाव्या हाताला एकट्याला तिचं वजन पेलायचं नाही. उजव्याला पेलायचं. पण उजव्यावर माझा भरवसा उरला नव्हता.

गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. खिडकीकडे धरून म्हणाले, "हाड ठणठणीत आहे. अशक्तपणा असेल." गोळ्या झाल्या. वैद्याचा लेप झाला, सुजेल इतका घट्ट. मग परत गेलो तेव्हा डॉक्टरांनी आवाज खाली आणला आणि उन्मेषला म्हणाले, "पहिलं बाळंतपण आहे. काहीकाहींना बाळाची भीती बसते. मनाचं असतं ते." प्रत्येक वेळी विचारायचे, हात दुखावला कसा? माई सांगायच्या, पोटात बाळ असताना पाण्याची बादली उचलली, लचकला. मी मान डोलवायची. तसंच सांगायचं ठरलं होतं.

उन्मेषनं न्हाणीघराच्या दाराला खांदा टेकवला. "मिरजेला एक बाई आहेत, हाडांच्या डॉक्टर. आमच्या हमालाचा खांदा त्यांनीच बघितला होता. शनिवारी जाऊ. त्यांनी पण काही नाही म्हटलं तर मग..."

"तर मग रविवार आहेच," मी म्हटलं.

मुक्ताला धरायला कुणीतरी हवंच, म्हणून माईही आल्या. गाडीत मी खिडकीतून बघत होते आणि मनात एकच चाललं होतं, माझ्या हातात काहीतरी मोडलेलं निघू दे. कुठली बाई असं मागते? पण मला तेव्हा कोपरापेक्षा 'काही नाही' या दोन शब्दांची जास्त भीती वाटत होती. कोपरात काही नसेल तर ते माझ्यात होतं.

डॉक्टर मुजावरबाई पन्नाशीच्या असतील. बुटक्या, अंगानं भरलेल्या, चष्मा केसांवर चढवलेला. त्यांनी एक्स-रेचं पाकीट उघडलंही नाही. टेबलावर बाजूला सारलं.

"हे सगळ्यांनी बघितलंय, मी नंतर बघते. कोण कुठली बाई तू?"

"केतकी. तासगाव."

"बेदाणा आणला नाहीस?" मुक्ताकडे बघून त्या म्हणाल्या, "ही किती दिवसांची गं साखर?" मग मला तपासणीच्या टेबलावर बसवून त्यांनी माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला. लगेच काही केलं नाही. नुसता धरून ठेवला. त्यांचे हात कोमट होते. "कसं झालं?"

"बादली उचलताना लचकला," माई म्हणाल्या.

"तिला बोलू द्या की, मावशी."

"बादली," मी म्हटलं.

"हं." त्यांनी माझा दंड एका हातानं घट्ट धरला आणि दुसऱ्या हातानं मनगटाकडून हात बाहेरच्या बाजूला हळूच दाबला. कोपर थोडं वाकवून पुन्हा. "आतल्या बाजूनं दुखतंय?" नाही. मग माझा अंगठा धरून हात खाली ओढला, ओढतच कोपर वाकवलं, सरळ केलं. "ह्याला आमच्यात दूध काढायची तपासणी म्हणतात. गाईचं काढतात तशी."

माईंना हसू आलं. "आमच्या हिला दूध भरपूर आहे, डॉक्टर. त्याचं काही नाही."

"मग चांगलंय. आतली दोरी पक्की आहे." त्या माझ्याकडे बघत होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, या बाई माझ्या कोपराकडे बघतच नाहीत. हात त्यांच्या हातांत आणि डोळे सगळा वेळ माझ्या तोंडावर.

"आता उतर. त्या खुर्चीवर बस. तिच्या दांड्यांवर हात ठेव, असे नाही, तळवे आत वळवून. कोपरं बाहेर. आता पायांवर जोर न देता नुसत्या हातांवर उठ."

मी दांडे धरले. उठायला गेले. अंग जरासं वर आलं, कोपर सरळ व्हायला लागलं आणि आतली कडी हलली. मी धपकन बसले.

"दुखलं?"

"नाही."

"मग बसलीस का?"

मागे माई उन्मेषला हळू म्हणाल्या, "बघ. दुखत पण नाही." ते मला ऐकू आलं. कानशिलं तापली. झालं, वाटलं. रविवार आला.

"इकडे ये," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी मला लिहायच्या टेबलापाशी उभं केलं. उजवा तळवा टेबलाच्या कडेवर ठेवायला लावला, बोटं कडेबाहेर, कोपर बाहेरच्या अंगाला. "आता ह्या एका हातावर भार टाकून टेबलाकडे वाक. हळू. भिंतीला रेलतात तशी."

मी वाकले. थोडी वाकले. समोर फक्त टेबल होतं, कागद होते, पेनस्टँड होता, खाली पडण्यासारखं काहीसुद्धा नव्हतं. तरी माझ्या डोळ्यांपुढे पांढरं दुपटं आलं. मी सरळ झाले. कपाळावर घाम फुटला होता.

"मला नाही होत," मी म्हटलं. "मला खरंच नाही होत. मी मुद्दाम करत नाही."

"मुद्दाम कोण म्हणालं?" त्या माझ्या मागे आल्या. कोपराच्या बाहेरच्या बाजूला, जरा मागे, त्यांनी बोटानं चाचपलं आणि एका जागी अंगठा घट्ट रोवला. एवढंच. "आता वाक."

"नको."

"मी आहे ना धरून. वाक."

मी वाकले. मघा थांबले होते तिथंवर गेले. कडी हलली नाही. त्याच्याही खाली गेले. छाती टेबलाला लागायला आली. माझा सगळा भार त्या एका हातावर होता आणि हात माझा होता. कितीतरी महिन्यांनी तो माझा होता. मी वर आले, न सांगता पुन्हा खाली गेले. मला थांबूच नये असं वाटत होतं.

"वा," डॉक्टर म्हणाल्या. आणि मी खाली असतानाच त्यांनी अंगठा काढला.

मी किंचाळले नाही. पण तोंडातून जो आवाज आला त्यानं मुक्ता दचकून रडायला लागली. डॉक्टरांनी मला पटकन दंडाला धरून सरळ केलं, खुर्चीत बसवलं आणि पाण्याचा पेला पुढे केला.

"सॉरी हं. तेवढं एकदा करावंच लागतं." मग त्या माईंकडे वळल्या. आवाज तसाच, पण चेष्टा गेली होती. "मावशी, बादलीनं हे होत नाही."

माई मुक्ताला थोपटत होत्या. थोपटायचा हात थांबला.

"ही पडलीय. मागे पडलीय, तळहात टेकून, आणि सगळं अंग त्या हातावरून फिरलंय. कोपराच्या बाहेरच्या अंगाची दोरी आहे, लिगामेंट, ती तुटलीय नाहीतर सैल पडलीय. कधी पडली?"

उन्मेष म्हणाला, "पडली नाही ती कधी." त्यानं माझ्याकडे बघितलं. "पडलीस?"

मी माईंकडे बघितलं. खोलीत पंखा फिरत होता आणि मुक्ता हुंदके देत शांत होत होती. मला सांगितलं होतं, बोलायचं नाही. मी इतकी बोलले नव्हते की मलाही आता तो हात बादलीनंच दुखावल्यासारखा वाटायचा.

"डोहाळजेवणात," माई म्हणाल्या.

त्या मुक्ताच्या टोपड्याची नाडी बोटाला गुंडाळत, सोडत सांगत राहिल्या. "गच्चीवर झोपाळा बांधला होता. फुलांची वाडी भरलेली, हातात ते धनुष्यबाण. फोटोवाला म्हणाला, आता उतरून उभ्या राहा. उतरली आणि झोपाळा मागनं येऊन पोटऱ्यांवर बसला. गेली मागं. ह्या हातावर. पोटाला काही लागू दिलं नाही हो तिनं. मीच उचलली. मीच म्हटलं सगळ्या बायकांना, पडली नाही, नुसती बसली. जेवायला वाढा."

"आई," उन्मेष म्हणाला.

"तू गप. तुला काय कळतंय." मग डॉक्टरांना, "डोहाळजेवणात पडली, हे कुणाच्या तोंडी येऊ द्यायचं नव्हतं मला. बोललं की लागतं. माझ्या वेळी सगळ्या बोलल्या होत्या. रोहिणीच्या आधी मला एक होती."

उन्मेषनं आपल्या आईकडे बघितलं; त्यालाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

डॉक्टर मुजावरबाईंनी केसांवरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा वर केला. "मावशी, ही पोरगी घाबरते म्हणून तुम्ही हिला घेऊन आलात ना?"

"होय."

"ती घाबरते हेच मी शोधत होते. फोटोत हाड दिसतं. दोरी दिसत नाही. ती कळायला माणसाच्या तोंडाकडे बघायचं असतं. कोपर निसटायच्या आधी तोंडावर भीती येते. अंगठा लावला की जाते. काढला की येते. मनाची भीती असती तर ती माझ्या अंगठ्यानं गेली असती का?"

माईंनी मान हलवली. नाही म्हणून की कळलं म्हणून, ते मला कळलं नाही.

"आणि बाळाला उचलताना नेमका तोच हात होतो," डॉक्टरांनी आपला तळवा वर करून, मानेखाली घालावा तसा पुढे केला. "तळवा वर, कोपर सरळ, वर वजन. जगातली सगळ्यात वाईट तपासणी ही रोज घरी करत होती. दिवसातनं दहादा." मग त्या म्हणाल्या, "ठेवा तिला इथं."

माईंनी मुक्ताला तपासणीच्या टेबलावर ठेवलं. मला आधी समजलं नाही. डॉक्टर माझ्या उजव्या अंगाला येऊन उभ्या राहिल्या, त्यांचा अंगठा कोपरामागे त्याच जागी बसला, दुसरा हात त्यांनी मुक्ताच्या पाठीखाली, टेबलालगत नुसता तयार ठेवला.

"घे."

"डॉक्टर, तिला नको. ती पडेल."

"पडणार नाही. मी दोन्हीकडून आहे. घे."

तो वेळ केवढा होता मला सांगता येणार नाही. मी उजवा हात तिच्या मानेखाली घातला. तिच्या मानेला घाम आला होता, जावळ ओलं झालं होतं. डावा बुडाखाली. मी उचललं. ती वर आली. कोपर होतं तिथं राहिलं. ती माझ्या छातीशी आली, मला एकदा ओळखीनं हुंगलं आणि मुकाट्यानं तोंड खुपसून दूध शोधायला लागली. ब्लाउज भिजला. मी रडत होते की घाम होता, मला आठवत नाही. उन्मेष भिंतीकडे तोंड करून उभा होता. एवढं मात्र नक्की आठवतं की तो अंगठा सगळा वेळ तिथं होता.

बाहेर आलो. बाकावर बसून मी मुक्ताला पाजत होते, उन्मेष ऑपरेशनचं विचारायला खिडकीशी गेला होता. माईंनी पर्समधून फोन काढला, लांब धरून नंबर शोधला.

"रोहिणी? हां. तू येऊ नकोस रविवारी." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, नाही. बरी आहे पोरगी." मग थोडं थांबून, "तिची आई पण बरी आहे. हात दुखावलाय तिचा. डोहाळजेवणात पडली होती ती, झोपाळा लागून. होय. पडली होती. मीच बोलले नव्हते."

फोन ठेवून त्या माझ्याशेजारी बसल्या. मुक्ता दूध पिता पिता झोपली तेव्हा त्यांनी आपला हात पुढे केला आणि मला वाटलं, त्या तिला घेणार. त्यांनी नुसता तो माझ्या कोपराखाली ठेवला.

ऑपरेशनमध्ये माझ्याच मनगटातला एक स्नायूचा धागा काढून डॉक्टरांनी कोपरात नवी दोरी ओवली. हात गळ्यात होता तोवर माई मुक्ताला उचलून माझ्या मांडीवर देत आणि परत घेत, पण आता 'माई, घेता का' म्हणावं लागत नसे. पट्टी सुटल्यावर मुजावरबाईंनी मला पुन्हा त्याच टेबलाच्या कडेला उभं केलं, वाकायला लावलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. अंगठा लावलाच नाही. मी खालपर्यंत गेले, वर आले. "झालं," त्या म्हणाल्या. "आता बेदाणे आण."

हे सगळं मी मुक्ता शाळेत असताना, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे, तुकड्यातुकड्यांनी लिहितेय. कालपर्यंत शेवटाला एवढंच होतं. पण काल ती माझ्या शेजारी ओट्याजवळ उभी राहून वाटाणे सोलत होती आणि तिनं कोपरावरच्या रेघेवरून ओलं बोट फिरवून विचारलं, ही कसली. मी तिला गोष्ट सांगितली. झोपाळा सांगितला, फुलांची वाडी सांगितली, मिरजेच्या डॉक्टर सांगितल्या. अंगठ्यापाशी आले तेव्हा तिनं लगेच आपला इवलासा अंगठा माझ्या कोपरामागे लावला, चुकीच्या जागी, आणि म्हणाली, "असा?"

"असाच."

"मग तुझी भीती इथं होती? ह्या हातात?"

"हो. डॉक्टरांनी दोरी बसवली आणि झालं."

तिला ते पटलं. वाटाण्याचं ताट बाजूला सारून तिनं हात वर केले. सहा वर्षांची झाली, पाय माझ्या गुडघ्यांच्या खाली लोंबतात, तरी कडेवर यायचं असतं. हात वर करून ती ओट्याला वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला आली. नेहमी तिथूनच येते. तिला कुणी शिकवलेलं नाही. मी इतक्या वर्षांच्या सवयीनं बळकट झालेल्या डाव्या हातानं तिला उचललं, कंबर बाहेर काढून बसवलं, आणि उजवा हात ओट्याच्या कडेवर होता तसाच राहू दिला.

ती त्या हाताकडे बघत होती. मग तिनं माझं तोंड आपल्या दोन्ही तळव्यांत धरलं, अगदी जवळ आणलं आणि विचारलं, "आई, मग आता ती भीती कुठं असते?"